चुरीसाहेब आणि नऊ माणसं

चुरीसाहेबांना मी टाळत असे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कुणी म्हणेल, माणूस देश सोडून गेल्यावर ह्याला पुळका आला. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट एकच. ते सहाव्या मजल्यावर, मी चौथ्या. लिफ्ट सहावरून निघालेली दिसली की मी ऑफिसची बॅग सावरत चार मजले जिन्याने उतरायचो. माझी बायको गौरी म्हणायची, "बरंय की, तेवढाच व्यायाम." तिला म्हणायला काय जातंय. लिफ्टमधल्या अर्ध्या मिनिटात हा माणूस किती बोलू शकतो, हे तिने भोगलेलं नव्हतं.

विषय ठरलेला. टोलेडो.

हे अमेरिकेतलं टोलेडो, ओहायो राज्यातलं. नदीकाठचं, काचेच्या धंद्यावर मोठं झालेलं, धड लहान नाही आणि धड मोठं नाही असं शहर. ज्याचं नाव घेतल्यावर समोरच्याला "अच्छा" यापलीकडे काही सुचत नाही, अशातलं. चुरीसाहेब मूळचे वसईचे. बँकांच्या सॉफ्टवेअरच्या कामावर कंपनीने त्यांना टोलेडोला धाडलं, तिथं ते अकरा वर्षं राहिले आणि पन्नाशी उलटल्यावर बदली होऊन टोकियोत आले. लोक अमेरिकेतून येतात तेव्हा तिथल्या घराबद्दल, गाडीबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल बोलतात. हे बोलायचे तिथल्या बेसबॉलच्या मैदानाबद्दल. विटांचं, शहराच्या मधोमध, ऑफिसातून चालत जाता येईल असं मैदान. हिवाळ्यात तिथून दोन चौक पलीकडे बर्फावरची हॉकी. आणि शंभर वर्षांपूर्वी तिथं मुष्टियुद्धाची जगज्जेतेपदाची लढत झाली होती, तेव्हा उन्हाळा असा काही होता की नव्या लाकडी बाकांतून राळ पाझरली आणि बडे बडे लोक पँटीसकट चिकटून बसले. ही हकीकत मी त्यांच्या तोंडून नऊ वेळा ऐकली. एकदा तर बारशाला ऐकली, बाळाचं नाव ठेवायचं थांबवून.

बरं, तो बेसबॉलचा संघ तरी पहिल्या फळीतला असावा? तोही नाही. दुसऱ्या फळीतला. चांगला खेळणारा पोरगा दिसला की वरचे लोक त्याला मोठ्या शहरात उचलून नेतात. तिथं तो ढेपाळला की परत टोलेडोला. मी एकदा वैतागून म्हटलं, "म्हणजे तुमच्याकडे सगळे एकतर जाणारे, नाहीतर परत आलेले." वाटलं, वाईट वाटेल त्यांना. त्यांचा चेहरा असा उजळला, की मीच ओशाळलो. "अगदी बरोबर बोललास मंदार," ते म्हणाले. "आणि गाव तरीही दर संध्याकाळी टाळ्या वाजवायला येतं."

आमच्या मराठी मंडळाने एकदा त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता, जपान सोडताना इथल्या पेन्शनचे पैसे परत कसे मिळवायचे. दर दोन-तीन वर्षांनी आमच्यातली दहा-पंधरा कुटुंबं पुण्याला परततात, त्यामुळे हॉल भरला. लोक फायली घेऊन आले होते. चुरीसाहेबांनी प्रोजेक्टर लावला आणि पहिल्या चित्रात टोलेडोचं मैदान. आम्हाला वाटलं, ओळख करून देतायत स्वतःची. दुसऱ्या चित्रात तेच मैदान, वेगळ्या बाजूने. तिसऱ्यात त्यांची खुर्ची. अर्ध्या तासाने मागच्या रांगेतले एक गृहस्थ हात वर करून फार नम्रपणे म्हणाले, "साहेब, तो पेन्शनचा फॉर्म कुठे भरायचा?"

"तो वेबसाइटवर आहे," चुरीसाहेब म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं.

त्यानंतर मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं, आणि ते मला उशिरा कळलं.

आमच्या इमारतींपासून सायकलने पंधरा मिनिटांवर अराकावा नदीचा उंच बांध आहे, आणि बांधाखाली ओळीने मैदानं. रविवारी सकाळी तिथं आसपासचे जपानी लोक रबरी चेंडूचं बेसबॉल खेळतात. न्हावी, टॅक्सीवाले, निवृत्त मास्तर असे सगळे. त्यांची छोटी लीग आहे. चुरीसाहेब दर रविवारी बांधाच्या गवतावर जाऊन बसू लागले. हातात थर्मास, कानावर पेन्सिल आणि मांडीवर वही. वहीत ते स्कोअर लिहीत. बेसबॉलचा स्कोअर लिहिणं ही एक विद्याच आहे. कोणता चेंडू कुणी अडवला, कुणाकडे फेकला, कोण कुठवर पोचला, हे सगळं चौकटीत आकड्यांनी मांडायचं. जवळजवळ वर्षभर ह्या माणसाने ज्यांना आपलं नावही माहीत नाही अशा लोकांच्या सामन्यांचा स्कोअर लिहिला. सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, घरी पोह्यांवर झाकण ठेवून वाट बघत बसायच्या.

मग एक दिवस खाली वाद झाला. कितवा गडी बाद झालाय यावर दोन्ही बाजूंच्या वह्या जुळेनात. कुणीतरी बांधाकडे बोट दाखवलं. चुरीसाहेब खाली उतरले, वही उघडली. त्यांची लिहायची पद्धत अमेरिकेची, ह्यांची जपानची, शिवाय साहेबांचं जपानी म्हणजे 'सुमिमासेन', माफ करा, आणि 'अरिगातो', आभारी आहे, यांच्या मधल्या भागात अंधार. पण आकडे बोलले. लीगचे प्रमुख ओनो-सान, पंचाहत्तरीचे, टोफूच्या दुकानाचे मालक, त्यांनी वहीवर वाकून सगळा डाव बोटाने मागे नेला आणि मान डोलावली. त्या दिवशी चुरीसाहेबांना बाकावर बसायला जागा मिळाली. आणखी काही महिन्यांनी त्यांनी तिथं बसून आमचं वाटोळं केलं. ओनो-सानना विचारून त्यांनी हिगाशी-कसाईच्या भारतीयांचा एक संघ लीगमध्ये घालून टाकला.

आम्हाला विचारलं नाही. आम्ही क्रिकेट खेळणारे लोक, तेही दोन महिन्यांतून एकदा, आणि त्यातही निम्मा वेळ वडापाव कुणी आणायचे यावर जायचा.

ओनो-साननी अट एकच घातली होती. परदेशी लोक हौसेने येतात आणि नंतर येत नाहीत, असा त्यांना अनुभव असावा. संघात नऊ माणसं लागतात. एका हंगामात तीनदा नऊ जमली नाहीत, तर संघ बाद, आणि परत प्रवेश नाही. चुरीसाहेबांनी तिथल्या तिथे वाकून होकार दिला. मी नंतर त्यांना म्हटलं, "साहेब, आपल्या मंडळाच्या मीटिंगला चार माणसं वेळेवर येत नाहीत. रविवारी सकाळी सातला नऊ कुठून आणणार?"

"येतील रे," ते म्हणाले. "टीम आपली आहे म्हटल्यावर येतात लोक."

नावावरून आठवडाभर चर्चा झाली. मंडळाच्या लोकांना किल्ल्यांची नावं हवी होती. चुरीसाहेब हटून बसले. "गावाचं नाव पाहिजे. आपण राहतो कुठे? हिगाशी-कसाईत. मग तेच." एकजण म्हणाला, "साहेब, छातीवर 'कसाई' लिहून फिरायचं?" सगळे हसले. चुरीसाहेब हसले नाहीत. शर्ट तेच छापून आले, देवनागरीत.

पहिला सामना मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आमचा भरवशाचा फलंदाज निखिल, पुण्याच्या कुठल्याशा क्लबात खेळलेला. त्याने दुसराच चेंडू असा सणसणीत मारला की समोरच्यांच्या बाकावर 'ओऽ' झालं. चेंडू जमिनीवरून थेट एका क्षेत्ररक्षकाकडे चालला होता. निखिलने ते पाहिलं, हात वर केला, शांतपणे "नो, नो" म्हणाला, आणि बॅटवर रेलून उभा राहिला. समोर कुणाला म्हणाला देव जाणे. बेसबॉलमध्ये दुसऱ्या टोकाला कुणी नसतंच. क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलला आणि काही चूक तर होत नाही ना अशा चेहऱ्याने हळूच पहिल्या बेसवर, म्हणजे निखिलने पळत जाऊन गाठायच्या त्या पहिल्या गादीवर, फेकला. अंपायरने बाद दिला.

निखिल अंपायरकडे गेला. "मी धावलोच नाही, तर आउट कसा?"

अंपायरला इंग्रजी येत नव्हतं, आणि येत असतं तरी ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आयुष्यात कुणी त्याला शिकवलेलं नसावं. चुरीसाहेब बाकावर डोकं धरून बसले होते. "मारला की पळायचं," ते कळवळून ओरडले. "इथं निवड नाही बाबांनो. मारला की पळायचं." आमच्यातल्या तिघांना ते त्याच दिवशी पटलं. पण एकजण बॅट घेऊनच पळाला आणि पहिल्या बेसवर पोचून ती त्याने क्रीजमध्ये टेकवावी तशी जमिनीवर टेकवली. आम्ही एकवीस धावांनी हरलो. परतताना चुरीसाहेब इतके खुशीत होते की माझं टाळकं सणकलं.

"हरलो आपण," मी म्हटलं.

"हो ना," ते म्हणाले. "ओनो-सान म्हणाले, पुढच्या रविवारी पुन्हा या."

त्यांच्या ह्या वेडाचं मूळ काय, ते मला सुमनकाकूंनी सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. कचऱ्याच्या दिवशी खाली पिंपांपाशी भेटल्या, प्लास्टिक वेगळं करता करता त्याच बोलल्या. "टोलेडोला पहिली दोन वर्षं ह्यांना कुणी ओळखत नव्हतं रे. ऑफिसात कामापुरतं. घरी आम्ही दोघं. गप्प गप्प व्हायला लागले. मग एकदा कुणीतरी तिकीट दिलं म्हणून मॅचला गेले. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी स्कोअर लिहीत होती. तिची पेन्सिल मोडली, ह्यांनी आपली दिली. पुढच्या मॅचला तिने ह्यांना नावाने हाक मारली. घरी येऊन मला तीनदा सांगितलं, नावाने हाक मारली म्हणून." काकूंनी बाटलीचं झाकण काढून वेगळ्या पिशवीत टाकलं. "आता मार्चमध्ये निवृत्ती. मग वसई. जायच्या आधी इथं एक टीम उभी राहिलेली बघायचीय त्यांना. तेवढंच आहे त्यांचं."

हे ऐकल्यावर मी सुधारलो असेन असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. उलट भिडेचं ओझं वाढलं. दर शनिवारी संध्याकाळी चुरीसाहेब सहाव्या मजल्यावरून निघायचे आणि तीन इमारतींतली दारं वाजवत फिरायचे. मेसेज करायचे नाहीत. दारात उभे राहून विचारायचे, "उद्या सात वाजता. येतोस ना?"

आता वडीलधारा माणूस दारात उभा राहून विचारतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आपल्यात तशी पद्धत नाही. आपण "येतो" म्हणतो. लग्नाला, मुंजीला, सत्यनारायणाला, ज्याला जायचं नाही त्यालाही "येतो" म्हणतो, आणि बोलावणाऱ्यालाही त्यातले निम्मे येणार नाहीत हे ठाऊक असतं. त्या हिशेबाने तो जेवण सांगतो. चुरीसाहेबही आपल्यातलेच, पण परदेशात राहून त्यांचं हे गणित पार बिघडलं होतं. तुम्ही येतो म्हटलं की ते तुमचं नाव कागदावर लिहीत.

मे महिन्याच्या सुट्ट्यांत पहिल्यांदा नऊ भरले नाहीत. सात. ऑगस्टमध्ये निम्मे लोक भारतात, सहा. दोन्ही वेळा चुरीसाहेब समोरच्या संघापुढे टोपी काढून कमरेत वाकले, माफी मागितली आणि घरी आले. तिसरी वेळ शेवटची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ऑक्टोबरमधला हंगामाचा शेवटचा सामना. तो झाला की संघ पुढच्या वर्षी कायम. शनिवारी साहेब दारात आले. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसचं एक सॉफ्टवेअर बाजारात जायचं होतं, रोज शेवटच्या ट्रेनच्या आसपास घरी येत होतो. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतो साहेब. नक्की."

"तुला-मला धरून बारा झाले," ते म्हणाले. "पण येच हं."

दार लावताना मी हिशेब केला. बारांतला एक कमी झाला तरी अकरा. अकरांना काय होतंय. गजर न लावता झोपलो. हाच हिशेब आणखी तिघांनी आपापल्या घरी केला होता, हे मागाहून कळलं.

सकाळी साडेसहालाच जाग आली. झोप लागेना, स्वतःचाच राग येऊ लागला, आणि मग साहेबांचा. काय अधिकार आहे ह्या माणसाला माझा रविवार नासवायचा? सातला पाच मिनिटं असताना गौरीला म्हटलं, दूध आणतो. कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध घेतलं आणि सायकल बांधाकडे वळवली. म्हटलं, लांबून बघावं. खेळ चालू दिसला की फिरावं मागे, मन शांत होईल.

बांधावर चढलो तर खाली खेळ चालू नव्हता. दोन रांगा समोरासमोर उभ्या होत्या. एका बाजूला ओनो-सानचे लोक, दुसऱ्या बाजूला देवनागरी शर्टांची रांग. मी मोजली. साहेबांना धरून आठ. पुन्हा मोजली. अंपायर कागदावर काहीतरी लिहीत होता.

चुरीसाहेबांनी वर पाहिलं. मी घरच्या पायजम्यात, पायात सपाता, सायकलच्या हँडलला दुधाची पिशवी. कुठल्याही माणसाला कळलं असतं. त्यांनी रांग सोडली आणि दुखऱ्या गुडघ्याने अंपायरकडे धावत सुटले. "किता, किता," ते ओरडत होते. आला, आला. त्यांच्या जपानीतला तेवढा शब्द स्वच्छ होता. मागे वळून मला हाताने बोलवत होते. "ये मंदार, उतर लवकर."

मी उतरलो. दुसरं काय करणार होतो? अंपायरने घड्याळ दाखवलं. सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि सव्वासातला त्याने सही केली होती. ओनो-साननी कागदावरची सही पाहिली, मग माझ्या सपाता पाहिल्या, आणि चुरीसाहेबांपुढे मान खाली घातली. नियम तो नियम. साहेबांनी दोनदा "किता" म्हणून पाहिलं, मग थांबले.

आता मला बोलतील, असं वाटलं. बोलायलाच हवं होतं. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. ते माझ्याजवळ आले, सायकलकडे पाहिलं आणि म्हणाले, "चेन उतरली का रे?"

मी म्हटलं, "हो."

"तरीच," ते म्हणाले. मग त्यांनी ओनो-सानना, अंपायरला, समोरच्या एकेका म्हाताऱ्याला हातवारे करून समजावलं, की हा निघाला होता, सायकलची चेन उतरली, नाहीतर नऊ झाले होते. ते सगळे माझ्याकडे पाहून सहानुभूतीने माना डोलावत होते. मी तिथे हँडल धरून उभा राहिलो. चेन जागच्या जागी होती, माझ्या बोटांना ग्रीसचा डाग नव्हता, आणि दूध गरम होत चाललं होतं. शेवटी सगळे एकमेकांना वाकले. मीही वाकलो. त्या सामन्यातलं माझं खेळणं म्हणायचं तर तेवढंच.

संघ बाद झाला. परत प्रवेश मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर चुरीसाहेबांखेरीज कुणी मागितलाही नाही. शनिवारी दारावर कुणी येईनासं झालं. गौरी म्हणाली, "झालं ना मनासारखं?" मी तिच्यावर खेकसलो.

मार्चमध्ये ते दोघं गेले. विमानतळाच्या बसपर्यंत पोचवायला आम्ही सात-आठजण गेलो होतो. ओनो-सानही आले होते, टोफूच्या दुकानाचा पांढरा अंगरखा तसाच अंगावर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे ते दोघं मिळून एकेक बॅग बसकडे सरकवत होते. बॅगा चढल्या. मी ठरवूनच आलो होतो, की आज सांगायचं. साहेब, चेन वगैरे काही उतरली नव्हती, मी झोपलो होतो. एवढी दोनच वाक्यं. मी पुढे होऊन पायांना हात लावला आणि म्हटलं, "साहेब, त्या दिवशी..."

"अरे हो," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे न बघता बसच्या पायरीकडे बघत होते. "ती चेन बदलून घे हं मंदार. पुन्हा कुठे निघालास, तर त्रास नको."

आणि दांडीला धरून, दुखरा गुडघा आधी वर घेत, ते बसमध्ये चढले.